लाकडाला माफ

त्या घरात थोरल्या मुलीला सगळे मिस्त्री म्हणत. आईसुद्धा. नाव चांगलं ठेवलेलं होतं, पण शाळेत असताना तिने एक स्टूल ठोकलं, बाबा त्यावर धपकन बसले आणि स्टूल मोडलं नाही. त्या दिवशी नाव मागे पडलं ते पडलंच. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत कपाटं, टेबलं, खुर्च्या करून ती पोट भरत होती.

खोली खरं तर बाबांची. ते कारखान्यात फिटर होते. अर्ध्या खोलीत त्यांचा लोखंड पकडायचा वाइस, कानशी आणि छोटं लेथ मशीन, अर्ध्या खोलीत हिचं लाकूड. दोघांचं जमायचं, कारण खोलीला एक कायदा होता आणि तो बाबांनीच केलेला होता: लोखंडाला पॉइंट चार, लाकडाला माफ.

कायदा कळायला सोपा. इंच म्हणजे पंचवीस पॉइंट चार मिलिमीटर. गिऱ्हाईक माप सांगतं फूट-इंचात, प्लायवूड येतं मिलिमीटरमध्ये, त्यामुळे याचं त्याच्यात आणि त्याचं याच्यात करणं दिवसभर चालूच. लोखंडाचं काम असलं की बाबा त्या दशांशावरून समोरच्याचा जीव खायचे. लाकूड मात्र दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, त्याच्याशी कसला पॉइंट चारचा हिशेब करत बसायचा? सरळ पंचवीसने गुणायचं आणि मोकळं व्हायचं. मिस्त्री बोबडं बोलत होती तेव्हापासून हे ऐकत आलेली. स्टूल, शेल्फ, आरशाची चौकट, कुठे काही अडलं नाही. अडलंच तर रंधा होता.

आणि मग आई पुन्हा पडली.

पुन्हा म्हणायचं, कारण आई पडणं ही त्या घरात बातमी नव्हती. जिन्याच्या बारा पायऱ्या ती तालात चढायची आणि तेराव्या पावलाला, वरच्या मजल्यावर पाय ठेवताना, ठेच ठरलेली. वर तिची खोली, खोलीपुढे गच्ची, गच्चीत डब्याडब्यांतून लावलेली रोपं. त्यामुळे ती वर निघाली की दोन्ही हात गुंतलेले: पाण्याचा कॅन, मातीची पाटी, नाहीतर रोपांचा ट्रे. धप्प असा आवाज आला की बाबा खालूनच, मान वर न करता म्हणायचे, "बघून चढावं माणसानं!" पोरं हसायची. आई माती गोळा करायची.

जिना नवा होता तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "अहो, ही शेवटची जरा उंच नाही का वाटत?" लाकडी जिना बाबांनी स्वतः, कारखान्यातून रजा काढून केलेला. सूतभर इकडे-तिकडे होईल तर मिशा उतरवीन, असं चारचौघांत सांगून केलेला. ते मोठ्याने म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" घर खदखदून हसलं. आईही हसली. त्यानंतर तिने जिन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

या वेळी मात्र मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "याआधी कधी पडला होतात?" आई काही बोलायच्या आत मिस्त्रीचा धाकटा भाऊ म्हणाला, "आधी? नेहमीच पडते ती." डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. मग कानाची तपासणी, डोळ्यांची तपासणी, आणि त्यात काही सापडेना तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली गेली. धाकट्याने ठरवून टाकलं: आईने आता वर जायचं नाही. रविवारी तिचा पलंग खाली आणायचा आणि रोपं शेजारी देऊन टाकायची. धाकटा काही वाईट मुलगा नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेली माणसं फार पटापट ठरवतात.

मिस्त्रीनेही त्याचीच री ओढली. "आई, तुझा तोल जातो गं आता. हट्ट करू नकोस."

आईने हट्ट केलाच नाही. केला असता तर बरं झालं असतं. खालच्या सपाट फरशीवरसुद्धा ती भिंतीला हात लावून चालायला लागली. पाण्याचा जग उचलण्याआधी विचारायला लागली, "मी घेऊ का? पडेल का माझ्या हातून?" हाताला प्लास्टर होतं ते डाव्या. जग ती उजव्या हाताने उचलत होती.

रविवार उजाडला. धाकट्याने फर्मान काढलं होतं की आईनंतर बाबांचा नंबर लागायला नको, जिन्याला भिंतीच्या बाजूने धरायला दांडा लाव. म्हणून मिस्त्री सकाळीच टेप, पेन्सिल आणि एक लांब सरळ पट्टी घेऊन जिन्यावर गेली. दांडा जिन्याच्या चढाला समांतर लावायचा असतो. त्यासाठी पट्टी पायऱ्यांच्या कडांवर टेकवायची, की चढाची रेघ आपोआप मिळते.

पट्टी टेकेना. तिचं वरचं टोक मजल्याच्या कडेवर चढून बसलं आणि बाकीच्या पायऱ्या खाली राहिल्या. खाली दाबली की वरून उचलायची, वरून दाबली की खालून. मिस्त्री वैतागली. पट्टी वाकली असणार. तिने ती डोळ्यासमोर धरून पाहिली, सरळ होती. उलटी करून टेकवली. तरी तेच.

मग ती पायऱ्या मोजायला बसली. पहिली, एकशे साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर. दुसरी तेवढीच. तिसरी तेवढीच. बाबांचं काम ते, एकीचं माप दुसरीला लावावं. बाराव्या पायरीपर्यंत टेपवरचा आकडा हलला नाही. शेवटचं राहिलं होतं ते बाराव्या पायरीपासून मजल्यापर्यंतचं.

दोनशे साडेसव्वीस.

तिने टेप सोडून दिली. खळ्ळकन आत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा लावली. दोनशे साडेसव्वीसच. चार सेंटिमीटरला एक मिलिमीटर कमी, एवढी ती पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. दीड इंच. इंचाला आठ सूत, म्हणजे बारा सूत.

मिस्त्री मटकन तिथेच बसली. एवढा फरक कसा राहिला, हे तिला अजून कळत नव्हतं. बाबांच्या हातून? जे बाबा खिडकीच्या कडीला मायक्रोमीटर लावतात?

मग तिला तो आकडा ओळखीचा वाटला. साडेसत्त्याऐंशी. साडेसात इंच गुणिले पंचवीस, एकशे साडेसत्त्याऐंशी. तोंडपाठ गुणाकार, ती रोज करायची. गवंड्याने उंची सांगितली असणार आठ फूट दीड इंच. तिला तेराने भागलं की बरोबर साडेसात इंच. मग लाकडाला माफ. खरे हवे होते एकशे साडेनव्वद. पायरीमागे तीन मिलिमीटर गेले, आणि ते गेले कुठे? कुठेच नाही. पायरीपायरीने वर सरकत गेले आणि सगळे मिळून तिथे जमले, मजल्याच्या कडेला. बारा पायऱ्या माणूस करतो. शेवटची कोणी करत नाही, ती उरते. आणि उरलेली कोण मोजतो?

एक धक्का कमी होता म्हणून की काय, तिला दुसरा बसला. या जिन्यावर फक्त आई पडत नव्हती. नळदुरुस्तीवाला पहिल्यांदा आला तेव्हा इथेच पान्ह्यासकट आडवा झाला होता. मीटर बघायला आलेला माणूस अडखळला होता. धाकट्याची बायको लग्नाआधी घर बघायला आली, तीसुद्धा इथेच गुडघ्यावर आली होती, आणि बाबा म्हणाले होते, "आमचा जिना नव्या माणसाला वाकून आत यायला लावतो!" घरातला ठरलेला विनोद होता तो. पाहुणा जिना चढायला लागला की पोरं खाली उभी राहून वाट बघायची. इतकी माणसं एकाच जागी ठेचकाळली आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की पायरीला विचारावं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी म्हणजे आपली आई. मिस्त्रीला भडभडून आलं. "तुझा तोल जातो गं," असं ती तिच्या तोंडावर म्हणाली होती.

बाबा वाइसपाशी उभे राहून दांड्यासाठी पितळी टोपण घासत होते. मिस्त्रीने जाऊन सांगितलं. त्यांनी कानस थांबवलीसुद्धा नाही.

"टेप बदल तुझी. त्या स्वस्तातल्या टेपांची टोकं ढिली असतात."

"तुमची पट्टी घ्या. तुम्हीच मोजा."

"मी केलाय तो जिना."

"म्हणूनच म्हणते, तुम्ही मोजा."

बाबांनी भिंतीवरची पोलादी पट्टी काढली. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली, तिला घरात दुसरं कोणी हात लावत नसे. ते जिना चढले. मिस्त्री खालून त्यांचे पाय बघत राहिली. बारा पायऱ्या एका मापाने चढले आणि शेवटच्या पायरीला त्यांचा पाय आपोआप जरा जास्त वर उचलला गेला. त्यांना पत्ताही नव्हता. पाय स्वतःच शिकून बसला होता.

त्यांनी मोजलं. गुडघ्यावर बसून पुन्हा मोजलं. मग बाराव्या पायरीवर बसले, पट्टी मांडीवर ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मिस्त्रीने असा कधी पाहिला नव्हता, कोणीतरी अंगावरचे कपडे ओढून घ्यावेत तसा.

"तिचा पुढचा दात," बाबा म्हणाले.

मिस्त्रीला आधी कळलं नाही.

"तुझ्या भावाच्या वेळी दिवस होते तिला. इथेच पडली. दात तुटला. मी म्हणालो..." काय म्हणाले ते दोघांनाही ठाऊक होतं.

"बाबा, आईला सांगायला हवं."

"सांगू. आधी दुरुस्त करू, मग सांगू."

"आज पलंग खाली येतोय. उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतायत तिला. आणि ती जग उचलायला परवानगी मागतेय, बाबा. आत्ता सांगायला हवं. मी सांगते."

"नाही." बाबा भिंतीला धरून उठले. "जिना माझा आहे. मी सांगतो."

आई खालच्या खोलीत खिडकीशी बसली होती. बाबा दारात उभे राहिले, हातात ती पोलादी पट्टी, शाळेत पट्टी खायला आलेल्या पोरासारखे. मिस्त्री त्यांच्या मागे. दोनदा घसा खाकरून झाला. मग एकदम बोलून टाकलं.

"जिना चुकलाय. शेवटची पायरी दीड इंच उंच आहे. पहिल्यापासून. माझ्या हातून. तुझा तोल बिल काही जात नाही."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग मिस्त्रीकडे बघितलं, हा नवीन काही चेष्टेचा प्रकार आहे का, हे तपासल्यासारखं. मिस्त्रीने मान हलवली. खरं आहे.

"दाखवा," आई म्हणाली.

भिंतीला हात न लावता ती जिन्यापर्यंत गेली, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं. आईच्या आलं नसावं. वर मात्र ती बसत बसत, एकेक पायरी मागे सरकत गेली. बाराव्या पायरीपाशी वळून तिने चांगला हात उभा धरला, मनगट पायरीवर टेकवलं. मधलं बोट मजल्याच्या कडेला कुठवर पोचतं ते पाहिलं. मग एक पायरी खाली सरकून तसाच हात अकरावीवर उभा केला. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

"हो."

"अंगण वाकडं म्हणालात."

"हो."

"अहो, अंगण वाकडंच होतं!" आणि आता तिचा आवाज चढला. इतका चढला की गच्चीतली पाखरं उडाली. "मी आरशात बघून स्वतःला धांदरट म्हणायचे! माझ्या आईला सांगायचे की मी जन्माचीच वेंधळी! लोकांच्या घरी गेले तर त्यांच्या जिन्यावरून हातात काही नेत नव्हते मी, काय तर म्हणे मला धड चालता येत नाही! आणि तुम्ही खालून..." तिने डोळे पुसले, प्लास्टरच्या हाताने, त्यामुळे ते धड पुसलेही गेले नाहीत.

बाबा तीन पायऱ्या खाली उभे होते. माफ कर, असं ते म्हणाले असावेत. ऐकू कोणालाच गेलं नाही.

"पलंग जिथे आहे तिथेच राहील," आई म्हणाली. "आणि हा जिना नीट होईपर्यंत स्वयंपाक तुम्ही करायचा. बघून करा."

धाकटा दुपारी पलंग हलवायला दोन माणसं घेऊन आला तेव्हा बाबा कणीक भिजवत होते. पाणी जास्त झालं होतं. त्याला जिन्यावर नेऊन टेप हातात दिली. त्याने मोजलं, तोंडाचा आ केला, माणसांना परत पाठवलं आणि मग आईशेजारी जाऊन बसला. मेंदूच्या डॉक्टरांना फोन करायला तो बाहेर गेला तेव्हा काय सांगावं हे त्याला सुचत नव्हतं. पेशंट बरा आहे, जिना आजारी आहे, असं सांगितलं त्याने.

दुरुस्ती तशी अवघड नव्हती. मजला खाली करता येत नाही, म्हणून पायऱ्या वर घ्यायच्या. पहिल्या पायरीवर तीन मिलिमीटरची फळी, दुसरीवर सहाची, तिसरीवर नवाची, अशी प्रत्येक फळी खालचीपेक्षा तीनने जाड, बारावीवर छत्तीसची. मिस्त्री सागवान रंध्यावर घालत होती आणि बाबा प्रत्येक फळीची जाडी चार कोपऱ्यांत मोजत होते. एका फळीला कोपऱ्यात केसभर जास्त आलं.

"चालेल," मिस्त्री सवयीने म्हणाली. "लाकूड आहे."

"नाही चालणार," बाबा म्हणाले. "पुन्हा रंधा मार."

तिने मारला. त्या खोलीतला कायदा असा मेला, कोणी काही जाहीर न करता.

आईचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात जिना तयार झाला. फळ्या घट्ट बसल्या, पॉलिश वाळलं, भिंतीला दांडा लागला आणि त्याच्या दोन्ही टोकांना बाबांची पितळी टोपणं. मिस्त्रीने लांब पट्टी टेकवून दाखवली. ती खालपासून वरपर्यंत प्रत्येक कडेला चिकटून बसली, मजल्याच्या कडेलासुद्धा.

पहिला मान आईचा. तिने रोपांचा ट्रे दोन्ही हातांत घेतला. धाकटा म्हणाला, "अगं, निदान आज तरी रिकाम्या हाताने जा." आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला. ती चढायला लागली. दांड्याला हात नाही, खाली नजर नाही. दहा, अकरा, बारा, आणि आई वरच्या मजल्यावर होती. काहीच झालं नाही. ट्रेमधलं एक पानसुद्धा हललं नाही. ती तशीच पुढे गच्चीपर्यंत गेली, ट्रे ठेवला आणि परत येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. हसत नव्हती. आपल्याच पायांकडे बघत होती.

"आलो!" म्हणत धाकटा धावत निघाला, आणि शेवटच्या पायरीला त्याचा पाय हवेत जास्त उचलला गेला आणि दाणकन मजल्यावर आदळला. दात वाजले त्याचे. "हे काय?" तो म्हणाला. "पायरी कुठे गेली?"

मिस्त्री निघाली. तिला कारण माहीत होतं, आकडे पाठ होते, फळ्या तिनेच घातल्या होत्या. तरीसुद्धा तिचा पाय नसलेल्या दीड इंचावर चढला आणि धाडकन खाली आला. हादरा मणक्यातून डोक्यापर्यंत गेला. ती तिथेच उभी राहिली. या घरातल्या प्रत्येकाचा पाय इतकी वर्षं त्या चुकीला गुपचूप सांभाळून घेत होता. आईचा पाय तेवढा बारा पायऱ्यांवर विश्वास ठेवून तेरावी चढत होता. घरात एकच पाय बरोबर होता, आणि सगळ्यांनी मिळून त्यालाच दोष दिला होता.

बाबा शेवटी आले. एक हात गुडघ्यावर, सावकाश, एकेका पायरीचा अंदाज घेत. बाराव्या पायरीवर थांबले. मग त्यांनी पाय उचलला, सवयीने, उंच. पाय धप्पदिशी खाली आला, म्हातारं शरीर पुढे गेलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी दांडा पकडला. पितळी टोपण हाताखाली करकरलं, पण दांडा हलला नाही.

धाकटा पुढे धावला. आईने त्याला हाताने अडवलं. ती बाबांपासून वीतभर अंतरावर उभी होती.

"बघून चढावं माणसानं," आई म्हणाली.

दांडा तसाच धरून बाबांनी खाली पायरीकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले.